वजनकाट्यावरचा पुरुष : खेळाडूंच्या भुकेचा इतिहास

रायपूरहून बोलतोय. या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया, किल्ले, रसद आणि सेनापती यांच्याबद्दल बोलतो. आजही विषय एका लढाईचाच आहे. मात्र ही लढाई माणूस स्वतःच्या पोटाशी लढतो, आणि तिचे रणांगण म्हणजे दोन फूट लांब, दोन फूट रुंद असा वजनकाटा.

खाण्याचे आजार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एखादी शहरी मुलगी येते. आरशासमोर उभी, हाडकुळी, तरी स्वतःला जाड समजणारी. पैलवान, बॉक्सर, जॉकी, जवान असे कोणी आपल्या डोळ्यांसमोर येत नाहीत. पुरुषाने कमी खाल्ले तर तो ‘शिस्तीचा’, बकाबका खाल्ले तर ‘मर्द गडी’, आणि खाऊन ओकला तर ‘पचले नसेल’. तिन्ही गोष्टींना आपल्याकडे सोयीची उत्तरे तयार असतात, त्यामुळे आजार कोणाला दिसत नाही. असे का झाले, हे समजायला जरा मागे जावे लागेल.

पहिल्या पानावरच एक मुलगा होता

1689 साली रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्याने क्षयावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने शरीर झिजण्याचे असे दोन रुग्ण नोंदवले की ज्यांना ना ताप होता, ना खोकला, ना क्षय. कारण मनात होते. वैद्यकाच्या इतिहासात आज ज्याला अॅनोरेक्सिया म्हणतात, त्याची ही सर्वांत जुनी सविस्तर वर्णने मानली जातात. त्यातली एक होती अठरा वर्षांची मुलगी. दुसरा रुग्ण होता सोळा वर्षांचा मुलगा, एका धर्मोपदेशकाचा. मॉर्टनने त्याला अभ्यास सोडून खेड्यातल्या मोकळ्या हवेत जायला, घोड्यावर बसायला आणि दुधावर राहायला सांगितले. मुलगा बराच सुधारला.

म्हणजे या आजाराच्या पहिल्याच पानावर एक मुलगी आणि एक मुलगा शेजारी शेजारी आहेत. पुढे तो मुलगा पुस्तकातून गायब कसा झाला?

1873 च्या सुमारास दोन डॉक्टरांनी जवळजवळ एकाच वेळी या आजाराला नाव दिले. पॅरिसमध्ये लासेग, लंडनमध्ये सर विल्यम गल. लासेगने त्याला हिस्टेरियाच्या खात्यात टाकले. हिस्टेरिया हा शब्दच मुळात गर्भाशयासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलेला. ज्याला गर्भाशय नाही त्याला हा आजार कसा होणार, असा सरळ हिशेब. गलने मात्र ‘नर्व्होसा’ हा शब्द निवडला, आणि कारणही लिहून ठेवले की हा आजार पुरुषांनाही होतो. नाव गलचे टिकले, कारण मात्र लोक विसरले. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत मासिक पाळी बंद होणे हा या आजाराचा एक निकष होता. तो निकष निघाला 2013 साली! चुलीशेजारी बसून आईने पोराला दोन घास जास्त वाढावेत आणि त्याच्या ताटात काय उरते ते कोणी पाहूच नये, तसे हे झाले.

आर्चरची गोष्ट

खेळाडू पुरुषांमध्ये या दुखण्याचा सर्वांत जुना ठळक पुरावा घोड्यांच्या शर्यतीत सापडतो. कारण वजनाचा काटा खेळात सर्वांत आधी तिथे कडक झाला. घोड्याच्या पाठीवर किती वजन असावे हे ठरलेले. माणूस जड झाला की मालक दुसरा माणूस शोधतो. आपल्याकडे पुण्यात आणि मुंबईच्या महालक्ष्मीला शर्यती पाहिलेल्यांनी पाहिले असेल, शर्यतीच्या आधी आणि नंतर जॉकी खोगीर हातात घेऊन काट्यावर उभा राहतो.

फ्रेड आर्चर हा एकोणिसाव्या शतकातला इंग्लंडचा सर्वांत नावाजलेला जॉकी. 1874 ते 1886 अशी सलग 13 वर्षे तो विजेता जॉकी राहिला. एकूण 2748 शर्यती जिंकल्या. अडचण एकच, त्याची उंची पाच फूट दहा इंच होती. एवढ्या उंचीच्या माणसाचे हाड काही जॉकीच्या वजनात बसत नाही. मग सुरू झाला उपासमारीचा धंदा. न्याहारीला एरंडेल, घोटभर शॅम्पेन आणि नावापुरता घास. वाफेची स्नाने. पोट साफ करणारे एक जालीम औषध तर ‘आर्चरचे मिश्रण’ म्हणूनच ओळखले जाई.

1886 च्या ऑक्टोबरमध्ये केंब्रिजशायर ही शर्यत त्याला जिंकायची होती. घोडा सेंट मिरिन. त्यासाठी वजन साधारण 54 किलोपर्यंत उतरवणे भाग होते. त्याने शरीर पिळून काढले, तरी एक पौंड जास्त भरलेच. शर्यत तो घोड्याच्या डोक्याइतक्या अंतराने हरला. त्यानंतर तो विषमज्वराने अंथरुणाला खिळला. दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात पत्नी गेलेली, अंगात ताकद उरलेली नाही, ताप मेंदूत चढलेला. 8 नोव्हेंबर 1886 रोजी त्याने स्वतःच्या हाताने आयुष्य संपवले. वय 29.

त्याच्या मृत्यूला विषमज्वर जबाबदार की दुःख की भूक, याचा निवाडा आज करता येणार नाही. पण तीन शत्रू एकदम चालून आले तेव्हा किल्ल्यात दाणा-वैरण नव्हती, एवढे फौजी माणसाला नक्की कळते. ज्या किल्ल्याची रसद वर्षानुवर्षे आतल्याच माणसाने कापली, तो वेढा किती दिवस सोसणार?

तालमीचा खुराक आणि काट्याचा गट

आता आपल्या मातीकडे येऊ. मराठी पैलवानाची परंपरा याच्या अगदी उलट होती. तालमीत पोराची किंमत त्याच्या खुराकावरून व्हायची. दूध, तूप, बदाम, थंडाई. जोर-बैठका मारायच्या आणि भरपेट खायचे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय दिला, 1912 साली खासबाग मैदान उभे केले, आणि पैलवानाच्या खुराकाची सोय हा त्या आश्रयाचा मोठा भाग होता. कुस्तीची जोड ठरवताना वस्तादाची नजर हाच काटा. अंगापिंडाने, उमेदीने आणि डावपेचात बरोबरीचे दोन गडी शोधायचे. ग्रॅमचा हिशेब कोणी करत नव्हते.

ऑलिंपिकमध्येही सुरुवातीला असेच होते. 1896 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये कुस्तीला वजनगटच नव्हते. कार्ल शुमान हा जेमतेम पाच फूट चार इंचांचा जर्मन जिम्नॅस्ट आपल्यापेक्षा कितीतरी दांडग्या गड्यांना हरवून विजेता झाला. 1904 च्या सेंट लुईस ऑलिंपिकपासून वजनगट आले. हेतू चांगला होता. लहान चणीच्या माणसाला न्याय मिळावा, हाडे मोडू नयेत. पण ज्या दिवशी गट आला, त्या दिवशी गटाच्या रेषेखाली सरकण्याची युक्तीही जन्माला आली. मूळचा 62 किलोचा गडी 57 च्या गटात शिरला तर समोरच्यापेक्षा भारी ठरेल, हा साधा हिशेब. मग समोरचाही तेच करतो. शेवटी दोघेही अर्धपोटी आणि फायदा कोणालाच नाही. शस्त्रस्पर्धा अशीच असते.

याच वळणावर आपले खाशाबा जाधव भेटतात. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट, म्हणजे 52 किलोच्या गटात, गादीवर लढला आणि सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला तो बँटमवेट, म्हणजे 57 किलोच्या गटात उतरला आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आला. खाशाबांची गरिबी, वर्गणी, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून केलेली मदत, हे सगळे आपल्याला पाठ आहे. पण 52 चा 57 झाला ही गोष्ट आपण कधी मोजत नाही. आपले पहिले पदक वरच्या गटात मिळाले आहे. पोराला खालच्या गटात कोंबणाऱ्या प्रत्येक पालकाने आणि प्रशिक्षकाने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

पुढे अडचण वाढली ती गटांच्या संख्येमुळे. पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये 1996 पर्यंत ऑलिंपिकला दहा गट होते. 2000 साली आठ झाले, 2004 ला सात, आणि 2016 पासून सहाच: 57, 65, 74, 86, 97 आणि 125. जागतिक स्पर्धेत मात्र आजही दहा गट आहेत. आता ज्याचे नैसर्गिक वजन 61-62 किलो आहे, त्याने ऑलिंपिकसाठी काय करायचे? चार-पाच किलो उतरवून 57 ला जायचे, की वर जाऊन 65 वाल्या दांडग्यांशी भिडायचे? बीडच्या राहुल आवारेने 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलोत सुवर्ण मिळवले, आणि 2019 ला जागतिक स्पर्धेतले कांस्य 61 किलोत. तो 61 चा गट ऑलिंपिकमध्ये नाहीच. नियम बनवणाऱ्यांनी कागदावर एक ओळ पुसली की तालमीतल्या शेकडो पोरांच्या ताटातला घास कमी होतो.

एका रात्रीत चार किलो कसे जातात

एका रात्रीत चरबी जळत नाही. जाते ते पाणी. पैलवान आधी काही दिवस भात-भाकरी कमी करतो, कारण स्नायूंत साठलेली साखर आपल्याबरोबर पाणी धरून ठेवते. मग मीठ बंद. मग पाणी बंद. मग रबरी किंवा प्लॅस्टिकचा सूट घालून पळायचे, गरम खोलीत बसायचे, थुंकत राहायचे. रक्तातले पाणी कमी झाले की रक्त दाट होते, हृदय जोरात धावू लागते, मूत्रपिंडावर ताण येतो. घामच उरला नाही की शरीराला स्वतःला थंड करता येत नाही. राजस्थानच्या उन्हात उष्माघाताने कोसळलेला जवान ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. फरक एवढाच की जवानाचे पाणी संपलेले असते आणि पैलवानाने ते स्वतः टाकलेले असते.

1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत जेमतेम एका महिन्यात कॉलेजचे तीन पैलवान असेच वजन उतरवताना मेले. वये 19 ते 22. तिघेही रबरी सूट घालून, गरम जागेत व्यायाम करत होते. त्यानंतर तिथल्या कॉलेज क्रीडासंस्थेने रबरी सूट आणि सौना यांवर बंदी घातली, वजन लढतीच्या जवळ आणले, आणि हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाचे किमान सुरक्षित वजन ठरवायला लावले. आधीही पोरे हेच करत होती, पण ‘कुस्ती म्हणजे हेच’ असे सगळे मानत होते. तीन शवपेट्या उचलल्यावर ते मानणे बंद झाले.

जागतिक कुस्ती संघटनेनेही 2018 पासून नियम बदलला. पूर्वी आदल्या संध्याकाळी वजन व्हायचे, म्हणजे रात्रभर पाणी पिऊन भरून काढायला वेळ मिळायचा. आता लढतीच्या दिवशी सकाळी वजन, आणि दोन दिवसांची स्पर्धा असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन. हेतू हा की पोरांनी जास्त वजन उतरवूच नये. झाले काय? 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट दुसऱ्या सकाळी 50 किलोच्या वर 100 ग्रॅम भरली आणि बाद झाली, हे देशभर सर्वांना माहीत आहे. दोनच दिवसांनी पुरुषांच्या 57 किलो गटात अमन सेहरावतने कांस्य जिंकले. उपांत्य लढतीनंतर त्याचे वजन साडेएकसष्ट किलोच्या आसपास होते. रात्रभर जागून, गरम पाण्याचे स्नान, ट्रेडमिल, सौना असे करत त्याने दहा तासांत 4.6 किलो उतरवले. वय 21. आपण टाळ्या वाजवल्या, आणि पदकासाठी वाजवल्याच पाहिजेत. पण बातम्यांनी त्या रात्रीची वीरगाथा केली. सप्टेंबर 2025 मध्ये झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत तोच अमन 1.7 किलो जास्त भरला आणि एकही कुस्ती न खेळता बाद झाला. तेव्हा मात्र लोक त्याला बेशिस्त म्हणाले. शरीर तेच, काटा तोच, पद्धत तीच. एका रात्री शरीराने ऐकले, दुसऱ्या वेळी ऐकले नाही. मी म्हणतो, दोष शोधायचाच तर त्या पद्धतीत शोधा.

भूक मनाचे काय करते

इथे कोणी विचारेल, वजन उतरवणे आणि खाण्याचा आजार या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत का? आहेत. प्रत्येक पैलवान आजारी नसतो. पण एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर कसे जाता येते, हे दाखवणारा एक विलक्षण प्रयोग झालेला आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी युरोपात लाखो माणसे भुकेली होती. त्यांना पुन्हा अन्न कसे द्यायचे हे शोधण्यासाठी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने 1944-45 मध्ये 36 धडधाकट तरुण घेतले. सगळे पुरुष. युद्धात शस्त्र उचलायला नकार दिलेले, पण देशासाठी दुसरे काहीतरी सोसायला तयार असलेले स्वयंसेवक. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. वजन साधारण पाव हिश्शाने घटले. शरीराचे हाल अपेक्षित होते. मनाचे जे झाले ते कोणी कल्पिले नव्हते. ही माणसे दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली. पाककृतींची पुस्तके जमवू लागली. एकेक घास तासभर चघळत बसू लागली. चिडचिडी, एकलकोंडी, उदास झाली. एकाने कुऱ्हाडीने स्वतःची बोटे तोडली. प्रयोग संपून जेवण मिळू लागल्यावर काही जण पोट फुटेपर्यंत खात आणि तरी भूक भागत नसे.

ही सगळी लक्षणे आपण ‘खाण्याचा आजार’ या नावाखाली वाचतो. इथे मात्र ती निरोगी, निवडून घेतलेल्या पुरुषांत नुसत्या उपासमारीने उगवली. म्हणजे आजार आधी मनात असायलाच हवा असे नाही. पोटाला बराच काळ मारले की मनही मोडते. एखादे मन लवकर मोडते, एखादे उशिरा, एवढाच फरक.

फौजेतल्या नोकरीत मी बॉक्सिंगच्या स्पर्धा जवळून पाहिल्या. वजनाच्या आदल्या रात्री बरॅकच्या मागे पोरे रेनकोटवर कांबळे गुंडाळून पळायची. बहुतेकांचे स्पर्धा संपल्यावर सुरळीत व्हायचे. एक जवान, सातारा भागातला, चांगला हाताचा बॉक्सर, याचे झाले नाही. हंगाम संपला तरी तो लंगरमध्ये दोघांचे जेवण जेवायचा आणि गुपचूप मागे जाऊन ओकायचा. पोटाचा विकार समजून त्याच्या तपासण्या झाल्या, औषधे झाली, पथ्य झाले. तपासण्यांत काही निघेना. ‘नाटक करतो’ असेही कोणी म्हणाले. एक तरुण डॉक्टर बदलून आला, त्याने पोटाऐवजी त्याच्या दिनक्रमाची चौकशी केली: वजन कधीपासून उतरवतोस, किती वेळा, उतरवल्यावर काय खातोस. त्या जवानाने सांगितले, की काट्यावर उभे राहायचे नसले तरी रोज रात्री काटा स्वप्नात येतो. त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले, वर्षभरात तो सावरला, पण ग्लव्हज पुन्हा घातले नाहीत. त्या आजाराचे नाव बुलिमिया. गेराल्ड रसेल या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने 1979 सालीच ते लिहून ठेवले होते. आमच्यापर्यंत पोचायला बराच वेळ लागला.

मैदानातली दोन शरीरे

हे फक्त वजनगटाच्या खेळांत होते असे नाही. 2002 च्या फेब्रुवारीत वानखेडेवर इंग्लंडने सामना जिंकला आणि अँड्र्यू फ्लिंटॉफ शर्ट काढून मैदानभर धावला. त्याचे उत्तर सौरव गांगुलीने जुलैत लॉर्ड्सच्या गॅलरीत दिले, हे आपण नातवंडांनाही सांगतो. पण त्या उघड्या छातीमागची गोष्ट फ्लिंटॉफने नंतर सांगितली. कारकिर्दीच्या सुरुवातीला वर्तमानपत्रांनी त्याला जाडा म्हणून हिणवले होते आणि त्यातून त्याला खाऊन ओकायची सवय लागली. बीबीसीवर 2020 साली त्याने आपल्या बुलिमियावर पूर्ण माहितीपट केला. सहा फूट चार इंचांचा वेगवान गोलंदाज, आणि त्याला हा आजार! त्याच्या शरीराकडे सगळे जग पाहत होते आणि त्याचा त्रास कोणालाच दिसला नाही.

जर्मनीचा बाहने राबे हा ताडमाड नाविक 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये आठ वल्ह्यांच्या होडीत सुवर्णपदक जिंकला. पुढे तो अॅनोरेक्सियाने इतका खंगला की 2001 साली साध्या न्यूमोनियाने गेला. वय 37.

नियमाने सुधारणा होऊ शकते, याचेही एक उदाहरण देतो. बर्फावरून स्कीवर उडी मारण्याच्या खेळात हलका माणूस दूर उडतो, त्यामुळे युरोपातले उडीबाज काटक्या झाले होते. 2004 च्या सुमारास नियम आला: उंचीच्या मानाने वजन ठरावीक मर्यादेखाली गेले तर स्की आखूड वापरावी लागेल. आखूड स्कीने उडी कमी जाते. म्हणजे उपाशी राहण्याचा फायदाच काढून घेतला. उपदेश करण्यापेक्षा हे बरे.

2014 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनीही मान्य केले की खर्चापेक्षा कमी खाण्याचे दुष्परिणाम फक्त महिला खेळाडूंना होत नाहीत. पुरुषांतही टेस्टोस्टेरॉन उतरते, हाडे ठिसूळ होतात, पायाच्या हाडांना बारीक तडे जातात, जखमा लवकर भरत नाहीत, झोप आणि मनःस्थिती बिघडते.

रायपूरच्या जिममध्ये

आता माझ्या दारातली गोष्ट. छत्तीसगड म्हणजे ‘धान का कटोरा’. इथला शेतकरी उन्हाळ्यात रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी कांद्याबरोबर बोरे-बासी खातो आणि दिवसभर राबतो. त्याचा शहरात शिकणारा मुलगा मात्र जिममध्ये जायला लागला की पहिल्यांदा भात सोडतो. मग डाळ, मग फळे, ‘साखर असते’ म्हणून. उरते उकडलेले कोंबडीचे मांस, अंड्याचा पांढरा भाग आणि डब्यातली पावडर. लग्नाला गेला तर डबा घेऊन जातो. आपल्या मराठी घरांतही हेच चालू आहे. आजी पुरणपोळी वाढते आणि नातू म्हणतो, आज माझा ‘चीट डे’ नाही.

यातले सगळे आजारी नाहीत, पण काहींना आरशात आपण कायम काटकुळेच दिसतो, दंड कितीही फुगला तरी. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप याने 1993 साली शरीरसौष्ठवपटूंमध्ये हा प्रकार नोंदवला आणि त्याला ‘उलटा अॅनोरेक्सिया’ म्हटले. पोपने मुलांची खेळणीही मोजली. ‘जी. आय. जो’ या सैनिकाच्या बाहुल्याला खऱ्या माणसाच्या उंचीचा धरले तर 1964 साली त्याचा दंड सुमारे 12 इंचांचा होता. नव्वदीच्या दशकाअखेरच्या एका अवताराचा दंड सुमारे 27 इंचांचा! इतक्या वर्षांच्या नोकरीत असा एकही सैनिक माझ्या पाहण्यात आला नाही. 12 इंचांच्या दंडाचे मात्र हजारो पाहिले, आणि सीमेवर तेच उभे असतात.

सकाळी तेलीबांधा तलावाकडे फिरायला जातो तेव्हा भरतीची तयारी करणारी पोरे भेटतात. अग्निपथ योजना 2022 मध्ये आल्यापासून ती वाढली आहेत. ‘सर, वजन दोन किलो जास्त आहे, चार दिवसांत कसे काढू?’ किंवा उलट, ‘वजन कमी पडते, मोजायच्या आधी डझनभर केळी खाऊन पाणी पिऊ का?’ माझे उत्तर दोघांना एकच असते: चार दिवसांत नाही, चार महिन्यांत. तीन वेळा जेव, झोप, पळ. फौजेला काट्यावर एक मिनिट उभा राहणारा माणूस नको आहे. पाठीवर वजन घेऊन महिनोन् महिने चालणारा हवा आहे.

घरच्यांनी काय पाहायचे

शेवटी कामाचे बोलू. घरात खेळणारा मुलगा असेल तर काही गोष्टींकडे लक्ष असू द्या. जेवल्या जेवल्या रोज न्हाणीघरात जातो का? सगळ्यांबरोबर जेवायचे टाळतो का? दिवसातून अनेकदा वजन करतो का? दुखापत असतानाही व्यायाम चुकला तर कासावीस होतो का? पायाचे हाड पुन्हा पुन्हा दुखते का? चक्कर, थंडी, चिडचिड? यातले दोन-तीन एकत्र दिसले तर टोमणा मारू नका. ‘मुलीसारखे काय करतोस’ हे वाक्य तर घरातून हद्दपार करा. तीनशे वर्षे याच वाक्याने पुरुषांना डॉक्टरपासून दूर ठेवले आहे. आधी साधा डॉक्टर, मग मानसोपचारतज्ज्ञ. सरकारची टेली-मानस ही मोफत मदतसेवा 14416 या क्रमांकावर मिळते आणि आपल्या भाषेतही बोलता येते. हा आजार बरा होतो, पण जितका लवकर सापडेल तितका बरा होतो.

आणि प्रशिक्षक मंडळींना एक विनंती. अठरा वर्षांच्या आतल्या पोराचे वजन उतरवूच नका. त्याचे हाड अजून वाढत असते. वस्तादाची जुनी नजर वापरा. वाढत्या पोराला वरच्या गटात जाऊ द्या, एक-दोन वर्षे हरू द्या. गोळेश्वरच्या पैलवानाला 52 वरून 57 वर यायला चार वर्षे लागली, आणि देशाने ते पदक सत्तर वर्षांनंतरही जपून ठेवले आहे.

सेनापती लढाईच्या आधी रसद मोजतो. रसद नसेल तर तो शूर असला तरी हल्ला करत नाही, कारण त्याला आपली माणसे जिवंत परत आणायची असतात. खेळाडूचा प्रशिक्षक, बाप, भाऊ यांचेही काम तेच आहे. आज घरी जेवायला बसाल तेव्हा पोराच्या ताटाकडे एकदा नीट पाहा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.